रोजची उजळणी किती?

प्रस्तावना



'उजळणी' हा शब्द बहुतेकांनी लहानपणी पाढे पाठ करताना प्रथम ऐकलेला असतो. उजळणे म्हणजे लख्ख करणे. तांब्या-पितळेची भांडी वापरात असली तरी काही दिवसांनी काळवंडतात. मग चिंच लावून ती घासली की पुन्हा लख्ख होतात. भांडे नवे घ्यावे लागत नाही, जे आहे तेच उजळते. शिकलेल्या विषयाचेही तसेच आहे. तो मनात असतो, परंतु त्यावर विस्मरणाची काळिमा चढते.

आता कल्पना करा, सणाच्या आदल्या रात्री एखाद्या गृहिणीने घरातील सगळी भांडी एकदम घासावयास काढली. निम्मी तशीच राहतील, घासलेली नीट उजळणार नाहीत आणि सणाच्या दिवशी तिचे हात दुखत राहतील. परीक्षेपूर्वी आपल्यापैकी अनेकांची अशीच स्थिती होते. म्हणून 'उजळणी करा' एवढा उपदेश पुरेसा नाही. रोज किती करावी, हे ठरवता आले पाहिजे. या पाठात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• उजळणी थोडी थोडी व अंतराने का करावी, ते सांगता येईल;
• वाचणे आणि आठवणे यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• स्वतःची गती मोजून रोजच्या उजळणीचे प्रमाण ठरवता येईल;
• ठरवलेले काम उपलब्ध वेळात बसत नसेल, तर योग्य निर्णय घेता येईल.

मूळ पाठ

एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. ती बडोद्यात राहणारी, मराठी घरातील. आईच्या आजारपणामुळे नववीत तिची शाळा सुटली. आज ती चोवीस वर्षांची आहे. दिवसभर शिवणकाम करते आणि मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देते. गेल्या वेळी परीक्षेला महिना उरला असताना तिने कंबर कसली. वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात वेळापत्रक लिहिले : रोज बारा पाठ. पहिल्या दिवशी पाच झाले. राहिलेले सात दुसऱ्या दिवसावर गेले, म्हणजे दुसऱ्या दिवशी एकोणीस. चौथ्या दिवशी साठलेल्या पाठांचा आकडा पाहून तिने वही मिटली, ती पुन्हा उघडलीच नाही. परीक्षेचे शुल्क भरलेले होते, प्रवेशपत्र हाती आलेले होते. तरीही ती परीक्षेला गेली नाही.

पुढे अभ्यासकेंद्रात ती म्हणाली, "बाई, माझ्या डोक्यात काही राहतच नाही. माझं वय झालं शिकण्याचं."

बाईंनी तिची वही पाहिली आणि विचारले, "रोज बारा पाठ, हा आकडा तू कुठून आणलास?"

"उरलेल्या पाठांना उरलेल्या दिवसांनी भागलं."

"आणि एका पाठाला तुला किती वेळ लागतो, ते मोजलंस?"

ती गप्प राहिली. तिचे वय आड आले नव्हते, स्मरणशक्तीही कमी पडली नव्हती. तिच्या भागाकारात तिची स्वतःची गती कोठेच नव्हती.

उरलेल्या पानांना उरलेल्या दिवसांनी भागणे ही आपल्या सर्वांची सवय आहे. या हिशोबात दोन चुका दडलेल्या असतात. पहिली, विस्मरणाचा विचार त्यात नसतो. दुसरी, आपल्याला लागणारा वेळ आपण नेहमी कमी धरतो.

पहिली चूक समजून घेण्यासाठी हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग पाहू. त्याने ते स्वतःवरच केले आणि १८८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अर्थ नसलेले अक्षरसमूह पाठ करावयाचे आणि ठरावीक काळानंतर ते पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात हे मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. विस्मरणाचा वेग आरंभी फार असतो व पुढे मंदावतो, असे त्याला आढळले. आपल्या दृष्टीने त्याचे आणखी एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. बारा अक्षरसमूहांची मालिका एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटल्याने जो लाभ दुसऱ्या दिवशी दिसला, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी मिळाला. श्रम जवळजवळ निम्म्यावर आले. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण केवळ पैशांना लागू पडते, असे नाही.

उजळणी अंतराने करावी, हे झाले. परंतु उजळणी म्हणजे नेमके काय? पुष्कळ जण पाठ पुन्हा वाचून काढतात. अक्षरे ओळखीची वाटतात आणि 'हे मला येते' असा समज होतो. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली हा समज पारखून पाहिला. विद्यार्थ्यांना एक गद्य उतारा दिला. काहींनी तो दोनदा अभ्यासला. काहींनी एकदा अभ्यासून नंतर तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के व आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला. परीक्षा वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी होत नसते. तेव्हा पुस्तक मिटून जे सांगता किंवा लिहिता येते, तीच खरी उजळणी होय.

आता दुसरी चूक. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारले होते, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. ते विद्यार्थी आळशी नव्हते. योजना आखताना मनुष्य सुरळीत जाणारे दिवस डोळ्यांपुढे ठेवतो. पाहुणे, ताप, वीज जाणे, कामावरून उशिरा येणे यांचा त्याला विसर पडतो.

बाईंनी विद्यार्थिनीला नवे वेळापत्रक आखून दिले नाही. त्यांनी सांगितले, "तीन दिवस फक्त मोज. पाठ वाच, पुस्तक मिट, मुद्दे लिही, मग पुस्तकाशी ताडून पाहा. किती मिनिटे लागली ते मांड."

तीन दिवसांनी ती आकडे घेऊन आली. एका पाठाला सरासरी ४० मिनिटे लागत होती. तोच पाठ काही दिवसांनी पुन्हा आठवून लिहिण्यास व तपासण्यास १५ मिनिटे पुरत होती. मग दोघींनी हिशोब मांडला.

परीक्षेला सहा आठवडे होते. शेवटचा आठवडा सरावाच्या प्रश्नपत्रिकांसाठी बाजूला ठेवला. उरले पाच आठवडे. आठवड्यातील सहा दिवस, सकाळी एक व रात्री एक असे दोन तास तिला निश्चित मिळत होते. रविवारी तीन तास मिळत, परंतु ते हिशोबात धरले नाहीत.

उपलब्ध वेळ : ३० दिवस × २ तास = ६० तास
तीन विषयांचे मिळून पाठ : ७२
पहिली उजळणी : ७२ × ४० मिनिटे = ४८ तास
दुसरी उजळणी : ७२ × १५ मिनिटे = १८ तास
एकूण गरज : ६६ तास

सहा तास कमी पडत होते. येथे अनेक जण म्हणतात, "झोप कमी करीन." परंतु दिवसा वाचलेले मनात पक्के होण्याचे कार्य झोपेतही चालू असते. झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने भरावे आणि दुसऱ्या हाताने सांडावे, असा व्यवहार होय.

बाईंनी विचारले, "यातले कोणते पाठ पुस्तक न उघडताच सांगता येतील?" तिने प्रामाणिकपणे खुणा केल्या. बारा पाठ निघाले. त्यांची पहिली उजळणी वगळता आली.

पहिली उजळणी : ६० × ४० मिनिटे = ४० तास
दुसरी उजळणी : ७२ × १५ मिनिटे = १८ तास
एकूण गरज : ५८ तास

आता काम वेळात बसले. तीस दिवसांत साठ पाठ, म्हणजे रोज दोन नवे. त्यांना ८० मिनिटे. उरलेल्या ४० मिनिटांत कधी दोन, कधी तीन जुने पाठ. आरंभी आधीच येणाऱ्या बारा पाठांवरून हात फिरवावयाचा, मग उजळलेले पाठ क्रमाने पुन्हा घ्यावयाचे. अवघड पाठ पहिल्या आठवड्यांत घेतले, कारण त्यांच्या दोन उजळण्यांमध्ये अधिक दिवसांचे अंतर पडते. रविवारचे तीन तास मोकळे ठेवले. आठवड्यात जे राहील ते त्या दिवशी भरून काढावयाचे. काही राहिले नसेल, तर विश्रांती घ्यावयाची.

"बारावरून दोनवर आले," ती ओशाळून म्हणाली.

"बारा वहीत होते," बाई म्हणाल्या. "दोन तू करणार आहेस."

एक प्रश्न तरीही उरतो. एवढी काटछाट करूनही हिशोब बसला नाही, तर? तेव्हा एखादा विषय पुढील परीक्षेसाठी ठेवण्याचे धैर्य दाखवावे. मुक्त विद्यालयीन शिक्षणात सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. तीन विषय अर्धवट करण्यापेक्षा दोन नीट करणे शहाणपणाचे आहे. हा निर्णय हिशोब मांडून आधीच घेतला तर ती योजना असते. परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरून घेतला तर ती माघार होय.

त्या वर्षी ती परीक्षेला बसली. निकालाची चर्चा येथे नको. निकाल प्रत्येकाचा वेगळा असतो. मात्र पाचव्या आठवड्यातही तिची वही उघडी होती, हे महत्त्वाचे.

चला, समजून घेऊ या

रोजच्या उजळणीचे प्रमाण दुसऱ्याच्या वेळापत्रकावरून ठरत नाही, तसेच आपल्या उत्साहावरूनही ठरत नाही. पुस्तक मिटून किती आठवते आणि त्यासाठी आपल्याला किती वेळ लागतो, या मोजमापावरून ते ठरते. मोठा आकडा लिहिल्याने क्षणभर समाधान मिळते, परंतु तो रोज पराभवाची जाणीव करून देतो. लहान व खरा आकडा रोज पूर्ण होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडण्याचे बळ देतो.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) लागोपाठ ६८ आवृत्त्यांइतका लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ______ आवृत्त्यांनी मिळाला.
(आ) विद्यार्थिनीला एका पाठाच्या पहिल्या उजळणीस ______ मिनिटे लागत.

२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) पाठ ओळखीचा वाटणे म्हणजे तो आठवणे होय.
(आ) रविवारचे तास विद्यार्थिनीने राखीव ठेवले.

भाषाभ्यास

• उजळणी, आवृत्ती, पाठांतर आणि घोकंपट्टी हे शब्द जवळचे असले तरी त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. 'घोकंपट्टी' या शब्दात अर्थ न समजता पाठ करण्यावरील टीका आहे, तर 'पाठांतर' या शब्दात ती नाही.
• 'तहान लागल्यावर विहीर खणणे' म्हणजे गरज अगदी समोर आल्यावर तयारीस लागणे. 'कंबर कसणे' म्हणजे निश्चयाने सज्ज होणे. 'हात फिरवणे' याचा येथील अर्थ हलकी उजळणी करणे असा आहे.

तुम्ही काय शिकलात

• अंतराने केलेली थोडी उजळणी एकदम केलेल्या पुष्कळ उजळणीपेक्षा फलदायी ठरते.
• पुस्तक मिटून आठवणे ही उजळणीची खरी कसोटी होय.
• आधी गती मोजावी, मग प्रमाण ठरवावे आणि अडचणींसाठी वेळ राखून ठेवावा.
• काम वेळात बसत नसेल, तर काय सोडावे याचा निर्णय वेळीच घ्यावा.

स्वाध्याय

१. "बारा वहीत होते. दोन तू करणार आहेस." या उद्गारांचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. 'योजना' आणि 'माघार' यांत लेखकाने केलेला भेद तुम्हाला पटतो का? सकारण लिहा.
३. पुढील तीन दिवस स्वतःची गती मोजा. पाठात दाखवल्याप्रमाणे हिशोब मांडून तुमच्या रोजच्या उजळणीचे प्रमाण ठरवा. तो कागद अभ्यासाच्या जागी लावा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ३८ (आ) ४०
२. (अ) चूक (आ) बरोबर