‘बेड नाही’ म्हणतात तेव्हा

दादाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आम्ही लातूरहून परळला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. दादा बरा आहे. तेव्हापासून गावाकडचं कुणी फाईल घेऊन मुंबईला निघालं की आधी मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बेड मिळेल का?’ या प्रश्नामागे धावताना जे कळलं, ते सांगते.

१. बेड प्रत्येकाला लागत नाही, राहायला जागा प्रत्येकाला लागते.
रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, अनेकदा सहा-सात आठवडे चालतं, पण रोजचं काम काही मिनिटांचं. केमोही बहुतेक वेळा डे केअरमध्ये होते. संध्याकाळी ‘घरी जा’ म्हणतात, आणि घर असतं लातूरला. म्हणून माणसं फुटपाथवर राहतात. परळच्या फुटपाथवर एक बाई नवऱ्याच्या नाकातल्या नळीत सिरिंजनं डाळीचं पाणी सोडत होती. एक हात उंच धरलेला, दुसऱ्या हातानं धुळीला पदराचा आडोसा. त्या माणसाला हवी होती एक खोली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड, यांची चौकशी गाव सोडण्याआधीच करा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटा.

२. बेड म्हणजे नुसती खाट नव्हे.
परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. आज शेकडो आहेत, खारघरलाही विस्तार झालाय, तरी रांग हटत नाही, कारण देशभरातून माणसं येतात. शिवाय तोंडाच्या मोठ्या ऑपरेशनला थिएटर, भूलतज्ज्ञ, आयसीयू आणि रात्रपाळीच्या नर्स, सगळं एकाच दिवशी मोकळं लागतं. नुसत्या खाटा वाढवून तारीख अलीकडे येत नाही. माणसं भरावी लागतात.

३. सगळे उपचार मुंबईतच घ्यायला हवेत असं नाही.
छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय यांच्याकडे आधी बघा. उपचारांची दिशा मुंबईत ठरली, तरी ‘पुढची केमो घराजवळ घेता येईल का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. घराजवळ केमो घेणारा प्रत्येक जण परळमधली एक जागा दुसऱ्यासाठी मोकळी करतो.

४. हक्काच्या खाटा मागाव्या लागतात.
उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. एका मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. तिथल्याच एका आयाबाईंनी सांगितलं. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कायम जवळ ठेवा. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि तो उपचार दोन्ही बसतात का, हे आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधीच पक्कं करा.

५. केमोनंतर ताप आला तर बेडची चौकशी करत बसू नका.
पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा वाटणारा तापही काही तासांत जिवावर बेतू शकतो. पुढच्या ओपीडीची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा आणि ‘केमो चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रं उभारायचं जाहीर झालं आहे. तुमच्या जिल्ह्यातलं केंद्र सुरू झालं का, तिथे औषध आणि प्रशिक्षित नर्स आहेत का, हे सिव्हिल सर्जनना लेखी विचारा. आमदारांना विचारा, ग्रामसभेत विचारा. घरात कुणी आजारी नसताना विचारा, कारण घरात आजार आला की विचारायला कुणाला सवड राहत नाही.