एकाच पंगतीची शाळा

वाचन : 1 करिंथ 11:17-34, योहान 13:1-17



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मंडळ्यांमधून मुलांच्या निवासी शिबिराची तयारी सुरू होते. धडे, गीते, खेळ, बक्षिसे यांच्या याद्या होतात. परंतु धड्याचे तास थोडे. उरलेला सर्व वेळ मूल इतरांसोबत जेवते, झोपते, भांडते व रांगेत उभे राहते. आपण शिकविलेली मूल्ये खरी की खोटी, हे ते त्याच वेळी पारखते.

1. एकत्र जमणे पुरेसे नाही

करिंथच्या मंडळीने गरिबांना दार बंद केले, असा पौलाचा आरोप नाही. सर्व जण आतच होते. तरी काही तृप्त होत व काही उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना त्या भोजनात लाजविले जात होते. शिबिरातही असे घडू शकते. कोणाची वर्गणी मंडळीने भरली, हे सर्वांसमक्ष सांगितले जाते. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाचे नाव सकाळी सर्वतोमुखी होते. असे मूल शिबिरात असते, पण समुदायात नसते.

2. हलके काम कोणाचे?

डॉ. ई. स्टॅन्ले जोन्स यांनी 1930 साली कुमाऊँच्या डोंगरात सातताल येथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. तेथे पदव्या बाजूला ठेवून सर्व जण एकमेकांस बंधू व भगिनी म्हणत. आठवड्यातून एक दिवस सफाई करणाऱ्या सेवकास सुट्टी असे व त्याचे काम आश्रमवासी करीत. ब्राह्मण कुळातून आलेल्या एका बंधूस त्याची पाळी विचारली, तेव्हा आपले परिवर्तन झाले आहे, पण इतके नाही, असे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. वाचकहो, त्याला हसण्यापूर्वी आपण स्वतःस तपासू या. प्रभूने पाय धुतले तेव्हा विश्वासघात करणाऱ्यास वगळले नाही. शिबिराच्या मार्गदर्शकाने प्रथम झाडू हाती घ्यावा. मग मुलांस सांगावे.

3. नवा कोट, उघडे दार

बेंगळूरूच्या पूर्वेस होसकोटे हे गाव आहे. कन्नड भाषेत त्या नावाचा अर्थ 'नवा कोट'. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे हा मुलूख आपणांस अपरिचित नाही. तमिळनाडू व आंध्र प्रदेश येथून जवळच. अशा ठिकाणी शिबिर भरविले, तर कन्नड, तमिळ, तेलुगू व मराठी बोलणारी मुले एका छपराखाली येतील. त्यांचे गट भाषेप्रमाणे पाडले, तर आपण आत आणखी चार कोट बांधले असे होईल. म्हणून गट मिश्र असावेत. चाकाच्या खुर्चीतील मुलासाठी खेळाचे नियमच बदलावेत. त्याला केवळ गुण मोजावयास बसवू नये. अन्य धर्मीय मूल आले, तर त्याच्या आहाराचा व श्रद्धेचा मान राखावा. प्रीती दाखवावी, दबाव आणू नये.

चिंतनासाठी

आपल्या मागील शिबिरात शेवटी कोण जेवले? कोण एकटे झोपले? आपल्या मंडळीतील कोणते मूल आलेच नाही, व का? यंदा खेळांची यादी करण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी जा. शिबिराचा पहिला धडा तेथेच आहे.