लेकराला सांगून जावे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत गडबड उडते. मुकादमाचा निरोप येतो. ट्रक, ट्रॅक्टर वेशीवर उभे राहतात. बाजरीची पोती, पत्र्याचा डबा, तवा, कोयते, पांघरुणे सारे भरले जाते. एखाद्या शेळीलाही जागा मिळते. माणसे ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कुणी साताऱ्याकडे, कुणी कर्नाटकात. मग पाच-सहा महिने घराला कुलूप. नाहीतर घरात म्हातारे माणूस आणि लहान लेकरे.

उचल किती घेतली, ती फिटणार कशी, याचा हिशेब आपण करतो. बैलांच्या वैरणीचाही करतो. लेकराच्या मनाचा हिशेब मात्र राहून जातो. तो हिशेब आज आपण करू.

रात्री गेलेली माय

ऊसतोडीच्या घरांतून जे घडते, ते आम्ही एका गोष्टीत सांगतो. गोष्टीतल्या मुलीला आपण चिमी म्हणू.

चिमी चार वर्षांची. मायबाप ऊसतोडीला निघाले. फडात थंडी फार, पाण्याचे हाल. म्हणून चिमीला आजीपाशी ठेवायचे ठरले. माय म्हणाली, "आत्या, पोरगी जागी असली तर गळ्याला मिठी मारंल. मग माझा पाय निघायचा न्हाई." आजी म्हणाली, "मग ती निजल्यावर जा. सकाळी मी समजावते."

रात्री दोन वाजता ट्रक सुटला. सकाळी चिमी उठली. अंथरुणात माय नाही, चुलीपाशी नाही, गोठ्यात नाही. तिने विचारले, "आज्जी, माय कुठं गेली?" आजी म्हणाली, "बाजारला गेली. येईल संध्याकाळी."

चिमी दिवसभर उंबऱ्यावर बसली. संध्याकाळ झाली. माय आली नाही. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "उद्या येईल." तो उद्याही गेला. मग चिमीने विचारणे सोडून दिले. शेजारणी म्हणाल्या, "गुणाची गं पोर. रडत न्हाई, हट्ट करत न्हाई."

पण चिमी रात्री अंथरूण ओले करू लागली. आधी ती तसे करीत नसे. ती पुन्हा अंगठा चोखू लागली. आजी पाण्याला निघाली, तर तिचा पदर सोडीना. आजी परसाकडे गेली, तरी दाराशी उभी राहून किंचाळू लागली. आजी चिडली. एकदा तिने दोन धपाटेही घातले. पोरगी बिघडली, असे तिला वाटले.

पोरगी बिघडली नव्हती. ती भ्याली होती. आपण डोळा मिटला की माणूस नाहीसे होते, हे ती शिकली होती. मग ती झोपेल कशी? आणि आजीला सोडील कशी?

लेकराच्या मनात काय चालते?

मोठ्या माणसाला पाच महिने म्हणजे काय ते कळते. तीन-चार वर्षांच्या लेकराला उद्या आणि परवा यांतला फरकही नीट कळत नाही. माय दिसत नाही, एवढेच त्याला कळते.

दुसरी गोष्ट. लहान लेकराला वाटते, जगात जे घडते ते आपल्यामुळेच घडते. "मी दूध सांडलं, म्हणून माय गेली," असे त्याच्या मनात येते. ते बोलून दाखवीत नाही. मनातच ठेवते.

तिसरी गोष्ट. लेकराला दुःख सांगायला शब्द नसतात. मग त्याचे अंग बोलते. पोट दुखते. अन्न जात नाही. अंथरूण ओले होते. बोलता येणारे लेकरू बोबडे बोलू लागते. एखादे पोर मारते, चावते, वस्तू फेकते. एखादे अगदी गप्प होते. दंगा करणाऱ्याकडे आपले लक्ष जाते. गप्प बसणाऱ्याला आपण शहाणे म्हणतो, आणि तिथेच चुकतो.

अशा लेकराला मारून उपयोग नाही. ओल्या अंथरुणावरून चारचौघांत लाजवू नये. मुकाट्याने अंथरूण बदलावे आणि जवळ घ्यावे. मनातली भीती गेली की पुष्कळदा ही खोडही आपोआप जाते.

दुसऱ्या वर्षी काय केले?

चैत्रात माय परत आली. चिमी धावत गेली नाही. ती आजीच्या मागे लपली. मायच्या काळजाला घरे पडली. "माझी पोर मला वळखंना," म्हणून ती रडली.

चिमीने मायला ओळखले होते. तिला राग आला होता. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरच असा राग येतो. अशा वेळी लेकराला ओढून घेऊ नये. "माझ्याकडे ये, नाहीतर खाऊ देणार नाही," असेही म्हणू नये. जवळ बसावे, हाताने भरवावे, वाट पाहावी. आठ-पंधरा दिवसांत लेकरू आपण होऊन कुशीत येते.

पुढच्या दसऱ्याला मायने ठरवले, या खेपेला पळून जायचे नाही.

निघायच्या आठ दिवस आधी तिने चिमीला मांडीवर घेतले. ती म्हणाली, "मी अन् तुझे बाबा ऊस तोडायला जाणार. लांब जाणार. तू आज्जीपाशी राहायचं. काम सरलं की आम्ही परत येणार. तू काय वंगाळ केलं म्हणून न्हाई जात. पैशासाठी जातो." चिमीने तीच गोष्ट दहादा विचारली. मायने दहादा तेच उत्तर दिले.

मग आजीने चुन्याने भिंतीवर चार चित्रे काढली. पहिला दिवाळीचा दिवा. मग संक्रांतीचे सुगड. मग होळी. शेवटी गुढी. आजी म्हणाली, "ह्यो दिवा झाला की त्यावर रेघ मारायची. सुगड झालं की त्यावर. गुढीच्या अलीकडं-पलीकडं माय येईल." नेमकी तारीख आजीने सांगितली नाही. कारखाना कधी बंद होईल ते आपल्या हातात नसते. खोटा वायदा करण्यापेक्षा "अलीकडं-पलीकडं" बरे.

मायने आपले जुने पातळ चिमीच्या गोधडीवर टाकले. त्याला मायचा वास होता. आम्ही सांगतो, असे कापड धुण्याची घाई करू नये.

निघायच्या रात्री तिने चिमीला उठवले. तिच्या गालावरून हात फिरवला. "जाते गं," म्हणाली. चिमीने गाव जागे होईल असा आकांत केला. आजीने तिला कडेवर घेतले. ट्रकचा दिवा दिसेनासा होईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.

वाचणारे म्हणतील, मग फायदा काय झाला? पोर रडलीच की!

हो, रडली. पण यंदा तिला ठाऊक होते, माय कुठे गेली आणि का गेली. दोन-चार दिवस ती मुसमुसली. मग भिंतीपाशी जाऊन दिवा कधी येतो ते विचारू लागली. रात्री झोपू लागली. आजीचा पदर सुटला. लेकराचे रडणे हे काही संकट नव्हे. रडणे म्हणजे मन मोकळे होणे.

आता घरोघर मोबाइल आहे. आठवड्यातून दोनदा दिवेलागणीला मायचा फोन येई. ती "काय जेवलीस? शेळीनं काय केलं?" असे विचारी. रोज फोन करणे जमत नसेल तर रोजचा शब्द देऊ नये. दोनदा जमत असेल तर दोनदाच सांगावे, आणि तो पाळावा.

लेकरू बरोबर नेले तर

पुष्कळांना घरी ठेवायला कुणी नसते. लेकरू फडावर न्यावेच लागते. त्याचे अंगण, त्याची कुत्री, त्याचे सवंगडी मागे राहतात. नव्या जागी कोपी, उसाचे पाचट आणि अनोळखी माणसे. पहाटेच्या अंधारात मायबाप फडात जातात.

अशा वेळी जुन्यातले काहीतरी बरोबर असावे. त्याची वाटी, त्याची गोधडी, त्याची मातीची बैलजोडी. आणि एखादी रीत रोजची असावी. निजताना गोष्ट, नाहीतर गाणे. माय कितीही थकलेली असो, दोन ओळी तरी गुणगुणाव्या. जागा बदलली तरी रीत तीच राहिली, की लेकराला आधार वाटतो.

आणखी एक. धाकटे लेकरू सांभाळायला आठ-नऊ वर्षांची थोरली पोरगी बरोबर नेतात. तिची शाळा बुडते. तीही लेकरूच आहे. तिचेही गाव सुटलेले असते. तिच्या कडेवर दिवसभर ओझे देऊ नये. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावे लागते. जुन्या शाळेचा दाखला हाती नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. फडाजवळच्या शाळेत जाऊन हे सांगावे. लहान लेकरांसाठी जवळच्या अंगणवाडीत विचारावे.

अंगणवाडी हा शब्द कसा आला ते ऐकण्याजोगे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केले. गरीब वस्तीतली लेकरे बालवाडीत येईनात. मग बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. लेकरू येत नाही तर आपण त्याच्याकडे जावे, हा त्यांचा विचार. सरकारची अंगणवाडीची योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली.

घरात नवे बाळ आले तर

घरात बाळ येते. सारे आनंदात असतात. थोरल्याला मात्र कुणी गमतीने म्हणते, "आता तुझे लाड संपले!" आपल्याला ती थट्टा. त्याला ते खरे वाटते. मग ते बाळाला चिमटा काढते. अशी थट्टा करू नये. बाळ येणार हे आधीच सांगावे. माय बाळंतपणाला जाणार, कुठे जाणार, मागे कोण भरवणार, तेही सांगावे. बाळाचे लंगोट आणण्यासारखे छोटे काम थोरल्याला द्यावे. आणि दिवसातून थोडा वेळ मायची मांडी एकट्या थोरल्याची असावी.

घरातले माणूस गेले तर

ही सगळ्यांत अवघड वेळ. बाप गेला, आजा गेला. मोठी माणसे रडतात. लेकराला शेजारी धाडतात. ते विचारते, "बाबा कुठं?" कुणी म्हणते, "झोपलेत." कुणी म्हणते, "गावाला गेलेत."

दोन्ही सांगू नये. झोपलेत म्हटले तर लेकरू झोपेला भिते. गावाला गेलेत म्हटले तर ते वर्ष-वर्ष वाट पाहते. पुढे कुणी गावाला निघाले की त्याच्या पोटात गोळा येतो. आणि एक दिवस दुसऱ्याच पोराच्या तोंडून त्याला खरे कळते. मग घरच्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

जवळच्या माणसाने हात धरून साध्या शब्दांत सांगावे : "बाबा वारले. त्यांचं अंग चालायचं बंद झालं. आता ते परत येणार न्हाईत. तुझ्यामुळं असं झालं न्हाई. मी आहे, मी तुला सांभाळीन." देवाघरी गेले असे घरात म्हणत असतील तर म्हणावे. पण परत येणार नाहीत, हेही सांगावे.

लेकरू घटकाभर रडेल आणि मग गोट्या खेळायला जाईल. त्याला माया नाही असे समजू नये. लहान जीव दुःख एकदम पेलू शकत नाही, थोडे थोडे घेतो. ते पुन्हा विचारील. पुन्हा तेच सांगावे. आपल्याला रडू आले तर लपवू नये. "मलाही बाबांची आठवण येते," एवढे म्हणावे.

कधी मदत घ्यावी?

महिना-दीड महिना झाला, तरी लेकरू नीट खात नाही, झोपत नाही, बोलत नाही, खेळत नाही, किंवा वजन उतरले, तर थांबू नये. लेकराने पाणीही सोडले, तर महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगणवाडीताईला, आशाताईला सांगावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. नजर लागली म्हणून बसून राहू नये. मूल संकटात असेल तर १०९८ या नंबरवर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

गरिबीमुळे घर सोडावे लागते. मरण तर कुणालाच चुकले नाही. हे सारे आपण थांबवू शकत नाही. पण लेकराला खरे सांगणे आपल्या हातात आहे. त्याला पैसा लागत नाही.

ध्यानात ठेवा

१. लेकराला न सांगता जाऊ नये.
२. थोडक्यात सांगावे, पण खरे सांगावे.
३. "तुझ्यामुळे झाले नाही," हे आवर्जून म्हणावे.
४. जेवणाची, निजण्याची रीत मोडू नये.
५. पाळता येईल तेवढाच शब्द द्यावा.
६. "टाकून जाईन" अशी धमकी कधीही देऊ नये.

प्रश्न

१. पहिल्या वर्षी चिमी आजीचा पदर का सोडीना?
२. आजीने भिंतीवर चित्रे का काढली?
३. "बाबा झोपलेत" असे लेकराला का सांगू नये?
४. तुमच्या घरातल्या लहानग्याला कोणती गोष्ट सांगायची राहून गेली आहे? आज ती कशी सांगाल, ते दोन ओळींत लिहा.