तटाची पाहणी
शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय 1 ते 3

हनानी यहूदातून शूशन येथे आला, तेव्हा नहेम्याने आपल्या बांधवांची व यरुशलेमेची हकिकत विचारली. ती ऐकून तो रडला, उपास व प्रार्थना केली. पुढे यरुशलेमेस जाऊन, थोडी माणसे बरोबर घेऊन, रात्री त्याने पडलेला तट स्वतः पाहिला. विचारणे, ऐकणे, पाहणे आणि मग बांधणे, असा त्याचा क्रम होता. व्यसनाच्या बाबतीत आपण मात्र उपदेशापासून आरंभ करतो.

अमेरिकेत 1976 साली सरकारच्या अमली पदार्थविषयक संशोधन संस्थेने असाच क्रम धरला. निरनिराळ्या शहरांतील जाणकार वर्षातून दोनदा एकत्र येत. इस्पितळात कोण आले, उपचार केंद्रात कोण दाखल झाले, पोलिसांनी काय पकडले, मृत्यू कशाने झाले, हे सर्व ते ताडून पाहत. कारण एकच खूण फसवी असते. जप्ती वाढली म्हणजे व्यसन वाढलेच असे नाही. कदाचित पोलीस अधिक जागे झाले असतील. 2014 साली त्या गटाची जागा नव्या पूर्वसूचना यंत्रणेने घेतली. दोन-तीन साक्षीदारांवाचून गोष्ट शाबीत धरू नये, हा मोशेच्या नियमशास्त्राचाही दंडक आहे.

आपल्या देशात दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17 टक्के आढळले. मुले मोठ्यांच्या पुढे गेलेली अशी ही एकच नशा होती.

हे वाचून आम्हाला आमचीच चूक आठवते. आमच्या शब्बाथ शाळेतील एका मुलाच्या रुमालाला उग्र वास येई. आम्ही त्याला अस्वच्छतेबद्दल रागावलो व मागे बसविले. पुढे तो येईनासा झाला. तो वास व्हाइटनरचा असावा, हे व्यसनमुक्ती केंद्रातील एका समुपदेशकाशी बोलताना उमगले. पण तेव्हा फार उशीर झाला होता. तट आमच्याच दारासमोर पडला होता, आणि आम्ही धूळ झाडीत बसलो होतो.

म्हणून शिक्षकहो, सहा महिन्यांतून एकदा तरी आपल्या भागातील परिचारिका, औषध दुकानदार, शाळामास्तर व व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते यांना विचारा : नवीन काय दिसते? ऐकलेले ताडून पाहा. नहेम्याने आपले मनोगत प्रथम कोणास सांगितले नाही. तसेच मुलाचे नाव मंडळीत चर्चेला येऊ देऊ नका. मदतीसाठी 14446 हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे. शेवटी, यरुशलेमेत अनेकांनी आपापल्या घरासमोरचाच तट बांधला, हे ध्यानात ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न
1. नहेम्याने बोलण्यापूर्वी पाहणी का केली?
2. आपल्या वर्गातून कोणते मूल येईनासे झाले आहे? त्याच्या घरी कोण जाईल?