शूर्पारकाचा पूर्ण : शोधकथेतील सुरक्षितता आणि साहस

नायक घर सोडतो, संकटांतून जातो आणि काही मिळवून परततो, हे शोधकथेचे सर्वपरिचित रूप होय. घर म्हणजे सुरक्षितता व दूरदेश म्हणजे साहस, ही विभागणी त्यात गृहीत असते. टोल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) या कादंबरीत हे द्वंद्व एकाच पात्राच्या ठायी एकवटले आहे. बिल्बोला पितृकुळाकडून स्वस्थतेची आवड आणि मातृकुळाकडून भटकंतीची ओढ लाभली आहे. मात्र ही विभागणी सर्वत्र लागू पडते काय, हा प्रश्न 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध कथासंग्रहातील पूर्णावदानाच्या आधारे तपासण्याजोगा आहे.

या कथेची भूमी शूर्पारक, म्हणजे वसई-विरार परिसरातील आजचे नालासोपारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी येथे सापडला. कथेतील यक्ष व वादळे अद्भुत असली, तरी तिचे बंदर काल्पनिक नाही.

पूर्ण हा भव नावाच्या गृहपतीला दासीपासून झालेला पुत्र. त्याचे तीन सावत्र भाऊ धनार्जनासाठी समुद्रावर जातात. वयाने लहान म्हणून पूर्णाला दुकानावर ठेवले जाते. भाऊ परततात तेव्हा न्यायाने व्यापार करणाऱ्या पूर्णाची कमाई त्यांच्यापेक्षा कमी भरत नाही. घरी राहणे म्हणजे भ्याडपणा, हे समीकरण कथा आरंभीच मोडीत काढते.

पुढे पूर्ण सहा वेळा समुद्रप्रवास करून सुखरूप परततो. श्रावस्तीचे व्यापारी सातव्या सफरीचा आग्रह धरतात, तेव्हा तो प्रथम नाकारतो. सहा वेळा वाचलेल्याने सातव्यांदा दैवाची परीक्षा पाहू नये, हे त्याचे व्यावहारिक शहाणपण. अखेर तो जातो तो त्यांच्या विनंतीखातर. याच प्रवासात सहप्रवाशांच्या पठणातून बुद्धाचे नाव प्रथम त्याच्या कानी पडते. धनाच्या शोधाचे रूपांतर येथे सत्याच्या शोधात होते.

तिसरा निर्णय सर्वांत कठीण. भिक्षू झालेला पूर्ण श्रोणापरांतक या उग्र लोकांच्या प्रदेशात राहण्याचे ठरवतो. लोकांनी शिव्या दिल्या, मारले, ठार केले तर काय, असे बुद्ध क्रमाने विचारतात. प्रत्येक उत्तरात पूर्ण त्या लोकांचा चांगुलपणाच शोधतो. बिल्बो अखेर आपल्या घरी परततो. पूर्णाच्या या प्रस्थानाला परतीची अटच नाही.

याउलट थोरला भाऊ भविल इतर भावांच्या चिथावणीने समुद्रावर जातो. गोशीर्ष चंदनाच्या वनात पाचशे कुऱ्हाडी चालू लागताच यक्ष महेश्वर वादळ उठवतो. समुद्रात उतरतात पुष्कळ, परततात थोडे, या आशयाचा पूर्णाचा इशारा भविलाला तेव्हा आठवतो. सुटका होते ती पूर्णाच्या योगसामर्थ्याने. त्याच चंदनाचा प्रासाद पुढे शूर्पारकात बुद्धासाठी उभा राहतो. लोभापायी आणलेल्या वस्तूला असा नवा अर्थ मिळतो.

अवदानाच्या शेवटी पूर्वकर्माचे स्पष्टीकरण येत असल्याने येथे निवडीला वावच नाही, असा आक्षेप संभवतो. तो अर्धाच खरा आहे. दासीपोटी जन्म, संपत्ती आणि अर्हत्त्व यांची कारणे पूर्वजन्मात दाखवली जातात हे खरे. परंतु सातव्या सफरीपूर्वीचा नकार, नंतरचा होकार व श्रोणापरांतकाची निवड संवादांतून घडताना दिसते. प्रश्न विचारले जातात आणि उत्तरे पूर्णालाच द्यावी लागतात. जर सारे ठरलेलेच असते, तर या संवादांना कथनात प्रयोजन उरले नसते.

पूर्णावदान सुरक्षिततेला हीन वा साहसाला आपोआप थोर मानत नाही. दुकान, जहाज आणि परका प्रदेश या तिन्ही ठिकाणी एकच कसोटी लागते : धोका कोणासाठी आणि कशासाठी पत्करला? अर्वाचीन मराठी अद्भुतरम्य कादंबरीचा अभ्यास करताना नायकावर कोणती संकटे कोसळली, याच्या जोडीने ती त्याने स्वतः स्वीकारली काय, हेही पाहिले पाहिजे. या विचाराची एक जुनी वाट सोपाऱ्याच्या बंदरातून जाते.