नोंदवही आणि दुभाषा : संगणकावरील माहिती जोडण्याचा एक पाठ



आपल्या वस्त्यांतील पुष्कळ मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. प्रोग्राम लिहिणे त्यांना जमते. पण एका प्रणालीत साठवलेली माहिती दुसऱ्या प्रणालीने कशी वाचावी, असे विचारले की गाडी अडते. नोकरीत तर हेच काम वारंवार पडते. म्हणून आपण येथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत पाहू.

समजा, एखादी संस्था अभ्यासिकेची इमारत बांधत आहे. पाया, भिंती, वीजजोडणी अशा प्रत्येक कामाची नोंद ‘रेडमाईन’ या प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीत होते. ही प्रणाली २००६ साली प्रथम प्रसिद्ध झाली व ती विनामूल्य आहे. तिची माहिती ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या डेटाबेसमध्ये साठते. संस्थेचे संकेतस्थळ मात्र जावा भाषेत लिहिलेले असून ‘टॉमकॅट’ या सर्व्हरवर चालते. काम कुठवर आले, हे देणगीदारांना संकेतस्थळावर दिसले पाहिजे. दोहोंची भाषा वेगळी, तेव्हा मध्ये दुभाषा हवा. त्या दुभाष्याचे नाव ‘ड्रायव्हर’.

पूर्वी प्रत्येक डेटाबेससाठी वेगळ्या रीतीने प्रोग्राम लिहावा लागे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ‘ओडीबीसी’ ही समान पद्धत आणली. १९९७ साली जावासाठी ‘जेडीबीसी’ आली. आरंभी जेडीबीसीवरून ओडीबीसीकडे जाणारा एक पूलही वापरात होता. २०१४ च्या जावा ८ मधून तो काढून टाकण्यात आला. आता पोस्टग्रेस्क्यूएलचा जावा ड्रायव्हर डेटाबेसशी थेट बोलतो.

आता जोडणीच्या पायऱ्या पाहू.

१) ड्रायव्हरची ‘जार’ फाईल टॉमकॅटच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये ठेवावी व सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

२) टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाईलमध्ये पत्ता लिहावा : ड्रायव्हरचे नाव, डेटाबेस असलेल्या संगणकाचे नाव, पोर्ट क्रमांक (पोस्टग्रेस्क्यूएलचा नेहमीचा ५४३२), डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड. पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहू नये आणि ही फाईल इतरांना वाचता येणार नाही अशी ठेवावी.

३) प्रत्येक वेळी नवी जोडणी उघडणे वेळखाऊ असते. म्हणून टॉमकॅट काही जोडण्या तयार ठेवतो. त्यास ‘पूल’ म्हणतात. वेगळे काही सांगितले नाही, तर एका वेळी ८ जोडण्याच देता येतात. प्रोग्रामने घेतलेली जोडणी परत केली नाही, तर आठ संपल्यावर नववा मागणारा ताटकळत राहतो. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. पान नुसते फिरत राहते. म्हणून काम झाले की जोडणी बंद करावीच. ‘बंद’ म्हणजे येथे पूलला परत देणे.

४) संकेतस्थळासाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करून त्याला केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. आम्ही बँकेत काम करणारी माणसे हे चटकन समजतो. खाते पाहण्याचा अधिकार वेगळा आणि खात्यात नोंद करण्याचा अधिकार वेगळा. नोंद करायचीच असेल, तर ती रेडमाईनमधूनच करावी. थेट डेटाबेसमध्ये लिहिल्यास कोणी, केव्हा, काय बदलले हा इतिहास रेडमाईनकडे राहत नाही.

५) वाचकाने शोधासाठी टाईप केलेला मजकूर जसाच्या तसा प्रश्नवाक्यात जोडू नये. त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मजकूर वेगळा पाठवावा. नाहीतर एखादा खोडसाळ माणूस मजकुराच्या आडून स्वतःची आज्ञाच डेटाबेसला देऊ शकतो.

जोडणी झाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. खरी परीक्षा पुढेच आहे.

रेडमाईनमध्ये कामांची नोंद ‘इश्यूज’ या तक्त्यात असते. ‘डन रेशो’ या रकान्यात काम किती टक्के झाले ते असते. काम ‘बंद’ झाले की नाही, हे ‘इश्यू स्टेटसेस’ या दुसऱ्या तक्त्यावरून ठरते. सामान्य मांडणीत या दोन गोष्टी स्वतंत्र असतात. कंत्राटदाराने १०० टक्के लिहिले, पण तपासणी होऊन काम बंद झालेले नाही, असे सहज घडते. मग संकेतस्थळावर ‘पूर्ण’ काय दाखवायचे? आमच्या मते, तपासून बंद केलेलेच.

दुसरी गोष्ट. ‘वीजजोडणी’ या मोठ्या कामाखाली तीन उपकामे असतील, तर तक्त्यात चार ओळी दिसतात. चारही मोजल्या तर तेच काम दोनदा मोजले जाते. उपकामे तेवढी मोजावीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणी काय पाहावे, याचे नियम रेडमाईन स्वतः पाळते. आपण थेट डेटाबेस वाचतो, तेव्हा ते नियम बाजूला पडतात. खाजगी म्हणून ठेवलेली नोंदही ड्रायव्हर निमूटपणे आणून देतो. त्या नोंदीत एखाद्या मजुराच्या अपघाताची किंवा गरजू विद्यार्थ्याच्या अडचणीची माहिती असू शकते. म्हणून ‘खाजगी’ खूण असलेल्या नोंदी वगळण्याची अट प्रश्नवाक्यात आपणच घालावी. रेडमाईनची नवी आवृत्ती बसवल्यावर तक्त्यांची रचना बदलली नाही ना, हेही तपासावे.

मित्रांनो, दुभाषा अर्थ सांगतो. खरे-खोटे ठरवत नाही. ते काम आपले आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण आकड्यांनाही लागू पडते. मोलमजुरी करणाऱ्या मायबहिणी संस्थेला दहा-वीस रुपये देतात, ते विश्वासाने. पडद्यावरचा एक फुगवलेला आकडा तो विश्वास घालवतो, आणि गेलेला विश्वास कोणत्याही ड्रायव्हरने परत जोडता येत नाही.

टॉमकॅट, पोस्टग्रेस्क्यूएल आणि रेडमाईन तिन्ही विनामूल्य मिळतात. दोघा-तिघांनी मिळून एका संगणकावर ती बसवावीत, दहा खोट्या नोंदी भराव्यात आणि वरील पायऱ्या करून पाहाव्यात. दहापैकी किती कामे पूर्ण, हे आधी वहीत हाताने मोजावे आणि मग पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले, की पाठ पक्का झाला असे समजावे.

जय भीम!