फुटपाथवरून पक्क्या घराकडे

प्रश्न : १९९८पासून मुंबईत फुटपाथवर झोपडीत राहतो. भाडेपावती नाही, मग पक्कं घर मिळणारच नाही का?
– एक भगिनी, मुंबई

उत्तर : ताई, असं मुळीच नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवरच्या झोपड्याही येतात आणि तिथे भाडेपावतीपेक्षा १ जानेवारी २००० पूर्वीचं वास्तव्य महत्त्वाचं. तेव्हाच्या मतदारयादीतलं नाव, मुलांचे शाळेचे दाखले जपून ठेवा. पात्र ठरलात तर घर मोफत. त्यानंतर २०११पर्यंत आलेल्यांना सशुल्क. मात्र पात्रता म्हणजे लगेच चावी नव्हे, आणि पात्रतेसाठी दलालाला पैसे देऊच नका. ‘ही माणसं घर विकून पुन्हा रस्त्यावर येतात’ असं ऐकाल. पण अशी घरं सुटण्यामागे देखभालखर्च आणि कामापासूनचं अंतर असू शकतं. म्हणून घर कुठे मिळणार, महिन्याचा खर्च किती, हे आधीच विचारून घ्या.